रागीट शिंप्याची बंदूक

शिंप्याच्या घरात बंदूक होती, म्हणून गल्लीत त्याला मान होता. एरवी माणूस म्हणजे निव्वळ कापूस. गिऱ्हाईक ओरडलं की चूक कोणाचीही असो, हा मुकाट्यानं शिवण उसवायला घ्यायचा. पण कोणी फारच चढलं, तर बाजूचा बेकरीवाला हळूच म्हणायचा, "जपून हं, त्यांच्या घरात बंदूक आहे." आणि आवाज खाली यायचा.

बंदूक वडिलांची. ते जंगलखात्यात पहारेकरी होते. शिंप्यानं ती वर्षानुवर्षं पुसली, तिला तेल पाजलं, तिच्यासाठी अस्तर लावलेली खोळ शिवली. फक्त चाप तेवढा कधी ओढला नाही. कानठळ्या बसतात म्हणे.

परवान्याचा नवा कायदा आला तेव्हा पहिली टाळी त्यानंच वाजवली. "कडकच हवा कायदा! हल्ली कोणाच्याही हातात बंदूक देतात," बेकरीच्या फळीवर कोपर टेकून तो म्हणाला. त्या 'कोणाच्याही'मध्ये आपणही येतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पूर्वी परवान्यावर साहेबाचा शिक्का बसला की काम फत्ते. आता बंदुकीच्या कपाटाला कुलूप हवं, काडतुसं दुसऱ्या खोलीत हवीत. इथवर ठीक होतं. पण पुढचं कलम वाचून त्याच्या हातातली कात्री गळाली. घरच्या माणसाला एकटं गाठून विचारणार, याच्या हाती बंदूक ठेवावी का? घरचं माणूस म्हणजे बायको! तिनं तर आजवर दूध तापवण्याचं कामसुद्धा त्याच्या हाती ठेवलं नव्हतं.

मग शिंप्यानं भांडी घासली. सासूबाईंच्या गुडघ्यांची आपण होऊन चौकशी केली.

"अहो, ताप आहे का तुम्हाला?" बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी निरीक्षक बाई आल्या. त्यांनी शिंप्याला बाहेर दुकानात पिटाळलं आणि आत बायकोसमोर बसल्या. मध्ये नुसता पडदा. दुकानात बेकरीवाला टेकला होता आणि कोटाच्या कॉलरवरून रोज भांडणारं एक गिऱ्हाईक बसलं होतं. तिघांचेही कान पडद्याला.

"मिस्टर रागीट आहेत का हो?"

आत बायको खो खो हसत सुटली. "हे? अहो ताई, झुरळ दिसलं तर टेबलावर चढतात!"

"कधी हात उगारलाय?"

"उगारतात की, दोन्ही! शरण आल्यासारखे."

"आणि भांडण झालं तर?"

"भांडायला दोघं लागतात ताई. आमच्याकडे मी एकटीच असते. गरीब गाय आहे हो माझा नवरा."

परवाना खिशात पडल्यातच जमा होता. आणखी घटकाभर गप्प बसायचं, बस्स. पण बेकरीवाल्याचे खांदे गदगदत होते आणि गिऱ्हाईकानं तोंडात रुमाल कोंबला होता. शिंप्यानं पडदा ओढला. "खोटं आहे! मला भयंकर राग येतो!"

बाईंचं पेन थांबलं.

"अहो, गप्प बसा ना!" बायको कुजबुजली. "परवाना हवाय ना तुम्हाला?"

"नीट विचार करून सांगा," बाई म्हणाल्या. "खरंच येतो?"

शिंप्यानं मागं पाहिलं. दोघं टक लावून बघत होते. त्यानं छाती फुगवली. "येतो म्हणजे? डोळ्यांपुढे अंधारी येते. मग मी कोणाचा नाही."

अस्तराच्या खोळीसकट बंदूक जीपमध्ये जाऊन बसली. जीप वळून दिसेनाशी झाली तरी शिंपी दारातून हलला नाही.

"वडिलांची एवढी एक आठवण होती," बायको म्हणाली. तीही हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मात्र बेकरीवाल्यानं रांग तोडून पहिला गरम पाव त्याला दिला. कॉलरवालं गिऱ्हाईक म्हणालं, "सवडीनं द्या, घाई नाही." गल्लीभर झालं होतं, ज्याच्या रागाला सरकारसुद्धा टरकलं तो माणूस हाच.

बायकोला काही ते पटेना. "अपील करा," ती आतून म्हणाली. "मी येते ना सांगायला. साऱ्या कचेरीला ओरडून सांगते, तुम्ही गरीब गाय आहात म्हणून!"

"अगं, हळू बोल," शिंपी दात ओठ खात पुटपुटला, "बाहेर गिऱ्हाईक आहे."