टोपीचा निर्णय

दोन हजार आठच्या सुमारास जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या बागेत दर शनिवारी एक मराठी बाप भेटायचा. नाव त्याने कधी सांगितलं नाही. चांगला बाप होण्याचा कोर्स केल्याचं मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं. माझ्या बाबांनी मला जन्मात एकच प्रश्न विचारला, “मार्क किती?” हा मात्र चार वर्षांच्या लेकीसमोर गुडघे टेकून सगळं तिलाच विचारायचा.

एकदा बर्फ पडत होता. त्याच्या हातात लोकरीची टोपी होती.

“पिल्लू, घालूया का? निर्णय तुझा.”

लालबुंद कानांची पिल्लू जर्मनमध्ये किंचाळली, “बाबा, घाल ना लवकर, गारठलेय मी!”

“बघितलंत?” तो माझ्याकडे वळला. “भावना कशा मोकळेपणाने व्यक्त केल्या!”

आणि टोपी खिशात कोंबून त्याने टाळ्या वाजवल्या.