अस्वलाच्या तोंडात दुसऱ्याची जीभ

इलकाबाईंना राग यायला फारसं काही लागत नाही, असं अख्खी इमारत म्हणायची. पाव शिळा निघाला तरी त्यांचा आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जायचा. बुडापेस्टमधली जुनी इमारत ती, मधे चौक आणि भोवती लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. आवाजाला वाट मोकळीच. पण त्या रविवारी बाई ज्या संतापल्या, तो राग पावाचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो राग कुणालाही यावा असाच होता.

त्यांचा नवरा देझो अकरा वर्षांपूर्वी गेला. नाटकातला नट. राजा तो कधीच झाला नाही. राजाला वाईट बातमी आणून देणारा झाला, मेजवानीत मागे उभा राहणारा झाला. नाटकातला आवाज नाटकाबरोबर हवेत विरतो. घरात टेपरेकॉर्डर आणू दिला नाही त्यानं. "दिवसभर तोंड विकून येतो, आता घरातही यंत्राशी बोलू?" म्हणायचा. तेव्हा मागे उरलं ते एकच. 'अस्वलाची ट्राम' नावाची टीव्हीवरची जुनी व्यंगचित्रमालिका होती. त्यात ट्राम हाकणाऱ्या चिडक्या अस्वलाचा आवाज देझोचा, आणि तिकिटं फाडणाऱ्या कोंबडीचा इलकाबाईंचा. एका पिढीची पोरं ते ऐकत जेवली आणि झोपली. मग टीव्हीनं ती रिळं कपाटात टाकली ती टाकलीच.

अलीकडे बाईंना एक भीती लागली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. देझोचं बोलणं आठवायचं, शब्द न् शब्द आठवायचा, पण आवाज आठवायचा नाही.

आणि एके दिवशी टीव्हीच्या साप्ताहिकात छापून आलं, की दर रविवारी संध्याकाळी जुनी व्यंगचित्रं दाखवणार. महिन्याला एक विषय, आणि प्रत्येक विषयाला एक नामांकित यजमान. पुढे थंडीच्या विषयाला कुणी आचारी येणार होता, चोरांच्या विषयाला फुटबॉलपटू. पहिला विषय वाहनं, यजमान गायक मार्सेल, आणि चित्र 'अस्वलाची ट्राम'.

बाईंनी सकाळपासून चरबीतल्या खुसखुशीत खाऱ्या वड्या, पोगाच्या, भाजल्या. शेजारची एतुश आणि तिचा नवरा लायोश आले. गायक आला, लाल खुर्चीत बसला, लहानपणी आजीकडे ही ट्राम कशी पाहायचा ते त्यानं छान सांगितलं. बाई खूश. "पोरगं बरं आहे हो," म्हणाल्या. मग ट्राम आली, घंटी वाजली, अस्वलानं तोंड उघडलं, आणि आतून तोच गायक बोलला.

तिघांच्या तोंडात घास तसाच.

"हा देझो नाही," लायोश शेवटी म्हणाला.

"मला कान आहेत!" बाई ओरडल्या.

एतुशनं हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इलका... अगं, कोंबडीही तू नाहीस."

बाईंच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या टीव्हीच्या कचेरीत. नोएमी नावाची निर्माती होती, साखरेत घोळलेली. तिनं कॉफी मागवली, बाईंनी ती बाजूला सारली.

"मावशी, जुना आवाज खरखरतो हो. आताच्या मुलांना—"

"खरखरतो? अस्वल होतं ते! खरखरणार नाही तर काय किणकिणणार?"

"तसं नाही..."

"आणि माझी कोंबडी कुठल्या सुरीखाली गेली?"

तेव्हा खरं बाहेर आलं. त्या काळी दोघांना एकच माइक असायचा. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, चित्राकडे बघायचं आणि एका दमात भाग संपवायचा. देझो जोरात खेकसायचा, म्हणून त्याला मागे उभं करावं लागे. हळू बोलायची वेळ आली, की बाई त्याच्या पँटच्या गॅलिसला धरून त्याला पुढे ओढायच्या. दोघांचे आवाज एकाच ध्वनिफितीवर, एकमेकांत मिसळलेले. अस्वलाला काढायचं तर कोंबडी ठेवता येत नव्हती. लांब उभ्या राहिल्या असत्या तर बाई वाचल्या असत्या.

"पण मावशी, नवी कोंबडी लोकांना आवडली नाही," नोएमी म्हणाली. "फोन आले. उरलेल्या भागांना तुम्हीच आवाज द्या ना! आणि त्या बदल्यात जुन्या सगळ्या भागांचा आवाज कॅसेटवर भरून देते. तुमच्या मिस्टरांचा."

बाईंच्या मनात आलं, हिच्या टेबलावरच थुंकावं. माझ्याच नवऱ्याचा आवाज, आणि मीच तो मजुरी करून सोडवून आणायचा! पण अकरा वर्षं कान कोरडे पडले होते. त्या 'हो' म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्या 'हो'पायी स्वतःलाच शिव्या घालत बसल्या.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मार्सेल आधीच येऊन बसला होता. उठून वाकून तिथल्या जुन्या रीतीनं म्हणाला, "आपला हात चुंबतो, मावशी." वळणाचा होता पोरगा, ते कबूल करायला हवं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या त्या डावीकडे, अर्धी जागा मोकळी सोडून. काचेपलीकडून यंत्रवाला म्हणाला, "मधे या, मावशी." त्या सरकल्या. मग कानावर हेडफोन चढवले, वेळ जुळावी म्हणून त्यात जुना आवाज सोडला, आणि देझो खेकसला:

"पाय आत घ्या! शेपट्या आत घ्या! नाही तर इथंच हिवाळा काढा!"

हाच. असाच. शब्दाच्या शेवटी जरा घसरणारा, सर्दी झाल्यासारखा. कोंबडीनं म्हणायचं होतं, 'तिकिटाशिवाय हिवाळासुद्धा मिळणार नाही.' बाई काहीच बोलल्या नाहीत. यंत्रवाल्यानं पुन्हा लावलं. पुन्हा देझो खेकसला, पुन्हा बाई हेडफोन कानावर दाबून नुसत्या ऐकत राहिल्या.

मार्सेलला वाटलं, म्हातारी घाबरली. धीर द्यायला म्हणाला, "मीसुद्धा त्यांना असंच ऐकून ऐकून शिकलो, मावशी. श्वास त्यांनी जिथं घेतला तिथंच घेतला. रात्रंदिवस तेच. हुबेहूब त्यांच्यासारखं व्हायला हवं होतं मला."

बाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"हुबेहूब त्याच्यासारखं?"

"हो, अगदी."

"मग तोच का नको?"

मार्सेलनं काचेकडे पाहिलं. काचेपलीकडून नोएमीचा आवाज आला, "मावशी, लोक मार्सेलसाठी टीव्ही लावतात."

"लावू देत की! तो खुर्चीत बसून गोड गोड बोलला, तेव्हा मी काही म्हटलं? यजमानानं पाहुण्याला आत आणावं, पानावर बसवावं. पाहुण्याला दाराबाहेर उभं करून त्याचं ताट स्वतःच जेवायला बसायचं, ही कुठली रीत? आणि वर माझ्यासारखीला वाढायला बोलवायचं?"

"मावशी, दोन तासांचं तर काम. मग ही घ्या." नोएमीनं काचेपलीकडे कॅसेटची पेटी उचलून दाखवली.

बाई त्या पेटीकडे बघत राहिल्या. हात शिवशिवले त्यांचे. पेटी घरी नेली तर रोज संध्याकाळी देझो घरात खेकसणार होता. मग त्यांनी हेडफोन काढला आणि माइकच्या दांडीला अडकवला.

"माझी कोंबडी याच्या शेजारी बोलली, की मीच साक्ष दिल्यासारखं होईल, हेच ते अस्वल म्हणून. नाही देणार मी. माझ्यापाशी तो चाळीस वर्षं होता. पोरांपाशी त्याचा एवढा आवाजच होता, तोही तुम्ही काढून घेतलात."

"मग कॅसेट मिळणार नाही, मावशी."

"कळतंय मला. बहिरी नाही मी."

मार्सेल दारापर्यंत आला, काहीतरी पुटपुटला. बाईंनी ऐकून घेतलं नाही. ट्राममध्ये त्या रडल्या, आणि आपण रडलो याचाही त्यांना राग आला.

पुढच्या रविवारी कोंबडीचा आवाज हवामान सांगणाऱ्या कुणा बाईनं दिला. इलकाबाईंनी टीव्ही लावलाच नव्हता. पण उकाडा होता, सगळ्यांची दारं उघडी. घंटी वाजली आणि चौकाच्या चारी बाजूंनी तो गुळगुळीत आवाज एकदम ओरडला, "पाय आत घ्या!"

बाई गॅलरीत आल्या. कठडा धरला.

"बंद करा तो आवाज!" एवढ्या मोठ्यांदा त्या पावासाठी कधी ओरडल्या नव्हत्या. "माझ्या माणसाच्या तोंडात दुसऱ्याची जीभ घातलीय! ज्यांनी ज्यांनी त्याचं ऐकत दूध प्यायलं असेल, त्यांनी बंद करा!"

पहिला आवाज एतुशच्या घरातला गेला. मग समोरचा. मग खालचे दोन. वरच्या मजल्यावरच्या एकानं मात्र कमी केला नाही; त्याच्या नमस्काराला बाई अजून उत्तर देत नाहीत. शेवटी लायोश वर जाऊन त्याच्याशी बोलला, तेव्हा कुठे तोही थांबला.

उघड्या दारांतून टीव्हीचे पडदे दिसत होते. ट्राम चालली होती, थांबे येत होते. अस्वल तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि अख्ख्या इमारतीत त्याच्या वतीनं कुणीही बोलत नव्हतं. भाग संपेपर्यंत बाई कठडा धरून तशाच उभ्या होत्या.