इक्वाडोरकाका, मुक्काम पोस्ट श्रूजबरी

इक्वाडोरकाका गाडीतून उतरताना भाडं द्यायचे. मी त्यांना मंदिरात सोडू दे, इंडियन स्टोअरला नेऊ दे, नाहीतर दाताच्या डॉक्टरकडे; उतरायच्या आधी डॅशबोर्डवर एक डॉलरचं पिवळं नाणं टक्कन वाजायचंच. "अहो काका, मी काय टॅक्सी चालवते? लाज वाटते मला!" म्हणून मी कितीदा भांडले असेन. ते शांतपणे दार लावायचे आणि काचेतून म्हणायचे, "फुकट बसलं की माणसाला खिडकीसुद्धा मागता येत नाही, बाई."

ती नाणी इक्वाडोरहून आणलेली. म्हणजे होती अमेरिकेचीच, पण इथे ती कोणी वापरत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशात डॉलरच चालतो, आणि बसवाल्यांच्या खिशात हीच नाणी खुळखुळत असतात. काकांनी येताना पिशवीभर आणली होती.

काका मूळचे अकोल्याचे. औषधकंपनीचे एमआर म्हणून त्यांनी अख्खा विदर्भ एस्टीने पिंजून काढलेला. काकू गेल्यावर मुलगी प्राची त्यांना ग्रीनकार्डावर इकडे अमेरिकेत, श्रूजबरीला, आमच्या शेजारच्या घरात घेऊन आली. मुलगा निरंजन इक्वाडोरमध्ये, गुलाब निर्यात करणाऱ्या कंपनीत. बायकोही तिथलीच केलेली. काका त्याच्याकडे दोन महिने राहून आले आणि त्यानंतर त्यांना बोलायला दुसरा विषयच उरला नाही. नाव पडलं ते तेव्हा.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, लोक घरांच्या किमतींवर बोलत असायचे आणि काका मध्येच म्हणायचे, "तासाच्या प्रवासाला दीड डॉलर! म्हाताऱ्यांना त्याच्यातही सूट!" मग गाडी सुटली की थांबायची नाही. हात केला की बस कुठेही उभी राहते. कंडक्टर दारात लटकून गावाचं नाव ओरडतो. केळ्याचे वेफर्स विकणारी बाई एका वळणावर चढते आणि दुसऱ्या वळणावर उतरते. क्विटोहून क्वेंकाला विमानाने पाऊण तासात जाता येतं, निरंजन तिकीट काढूनही देत होता. "मी म्हटलं, दहा तास मिळत असताना पाऊण तास कशाला घेऊ?" स्पॅनिश त्यांना ओ की ठो येत नव्हतं. "बसस्टँडवर भाषा लागत नाही, गावाचं नाव लागतं," असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो आणि पुन्हा घरांच्या किमतींवर यायचो.

श्रूजबरीत मात्र त्यांचे हाल कुत्रा खाईना. गाडी चालवता येत नाही, म्हणजे माणूस घरात. शेजारच्या वूस्टर शहरात बस आहे, तीही फुकट. पण आमच्या घरापासून तिच्या थांब्यापर्यंत जायला कार लागते! "या देशात पाय दिलेत ते फक्त ब्रेक दाबायला," काका म्हणायचे. एका जानेवारीत ते हट्टाने चालत निघाले. मोठा रस्ता, फुटपाथ नाही, कडेला बर्फाचे ढीग. कोणीतरी फोन केला आणि पोलिसांनी त्यांना अदबीने घरी आणून सोडलं. नातू म्हणाला, "आजोबा, नोबडी वॉक्स देअर!" प्राची रडली. त्या दिवसापासून एकट्याने बाहेर पडणं बंद.

काकांना इक्वाडोरला कायमचं जायचं होतं. निरंजन बोलावत होता, एक खोलीही काढून ठेवली होती. पण प्राची म्हणाली, "बाबा, आधी सिटिझनशिप होऊ दे. ग्रीनकार्डावर तिकडे जाऊन राहिलात तर परत येताना अडवतील. उद्या आजारी पडलात, तर मी काय करू? पासपोर्ट हातात आला की खुशाल जा." तिचं काय चुकलं? आमच्यातलं कोणीही हेच म्हणालं असतं. आम्ही सगळे असेच जगतो इथे: आधी कार्ड, मग पासपोर्ट, मग आयुष्य. काका थांबले. पाच वर्षं आणि वर अर्जाचे महिने. मुलाखतीचे प्रश्न त्यांनी असे घोकले, की आमच्या पोरांना येईनात ते अमेरिकेचे अध्यक्ष त्यांना पाठ.

निळा अमेरिकन पासपोर्ट आला त्या दिवशी काकांनी स्वतः शिरा केला आणि मला हाक मारली. जेवणाच्या टेबलावरूनच निरंजनला व्हिडिओ कॉल लावला. "बोल, कधीचं तिकीट काढू?" निरंजनने उठून आधी खोलीचं दार लावलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलं. आता इथे राहण्यासारखं नाही. बसवाल्यांकडेच खंडणी मागतात, अंधार पडला की कोणी बाहेर पडत नाही. आम्ही स्पेनला चाललोय, हिच्या बहिणीकडे. एका खोलीत चौघं. तुम्हाला कुठे ठेवू?" काका म्हणाले, "बरं बरं. जपून जा." आणि मला म्हणाले, "शिरा घे ना अजून, गार होतोय." प्राची सिंकपाशी पाठ करून उभी होती, नुसतंच पाणी सोडून.

त्यानंतर काकांनी इक्वाडोरचं नाव काढलं नाही. राइड मागणंही बंद केलं. प्राची त्यांना फ्लोरिडाला नेते म्हणाली, क्रूझला नेते म्हणाली. ते मान हलवायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. अंगाला काही झालेलं नव्हतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. माझा जीव नुसता तुटायचा, पण करता काय येणार होतं?

मे महिन्यात काका झोपेतच गेले. त्याच्या थोडं आधी, बर्फ वितळून रस्ते मोकळे झाल्यावर, मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले.

"काका, चला. मंदिरात सोडते."

"नको गं."

"मग समुद्रावर जाऊ. तुम्ही म्हणाल तिथे नेते, खरंच!"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, उठतात.

"आणि परत इथेच आणून सोडशील ना?"

"हो, म्हणजे काय!"

"मग राहू दे," काका म्हणाले.