मस्मकच्या दाराबाहेरचा बाक

मी पॅथॉलॉजिस्ट. स्लाइडवर जे दिसत नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही, ही सवय. सासूबाई मुलीची दृष्ट काढायच्या, तेव्हा मीठ-मोहरी वाया गेली एवढंच माझ्या मनात यायचं. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं...

२००४चा हिवाळा. आम्ही रियाधला होतो — मी एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा मिलिंद ओलाया भागातल्या एका बँकेत. फॅमिलीसाठी राखलेल्या दिवशी दुपारी आम्ही मस्मक किल्ला बघायला गेलो. सोबत पाच वर्षांची सई. गर्दीत सगळ्याच बायका काळ्या पायघोळ अबायात, म्हणून तिला पढवलं होतं — माझ्या अबायाचं टोक सोडायचं नाही.

विहिरीच्या चौकातून पुढच्या खोल्यांत गेले. टोक मागून ओढलं जात होतं, त्यामुळे मी निर्धास्त. सहज खाली पाहिलं, तर टोक धरून भलतीच मुलगी, दोन वेण्यांची. तिची आई हसत आली आणि तिला घेऊन गेली. सई तिच्याबरोबर नव्हती. म्हणजे सईनंही कुणाचा तरी भलताच अबाया धरला असणार.

तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. "यल्ला, सलाह," म्हणत रखवालदार सगळ्यांना बाहेर काढू लागला. नमाज होईपर्यंत किल्ला बंद. मी खोल्या धुंडाळत, हाका मारत दारापर्यंत आले. मिलिंद तिथंच, जुन्या लढाईत दारात रुतलेलं भाल्याचं टोक बघत उभा.

"सई कुठाय?"

"तुझ्याजवळ ना?"

"माझ्याजवळ असती तर विचारलं असतं का? बाहेर गेली का?"

"अगं, पंधरा मिनिटं मी इथंच आहे. माझ्यासमोरून गेली असती तर दिसली नसती?"

उघडं दार ते एकच. रखवालदारही मोडक्या हिंदीत तेच म्हणाला — एकटं मूल बाहेर गेलेलं नाही. तो आणि मिलिंद पुन्हा आत धावले. मी बाहेर शोधायला आले... आणि समोर बाकावर सई, पाय हलवत बसलेली.

"इथं कशी आलीस तू?"

"मम्मा, यू ओन्ली ब्रॉट मी."

"मी?"

"सँडल टूट गया ना... तू पिन लावलीस. म्हणालीस, ठमे, इथून हलायचं नाही, मी आलेच."

ठमे हे फक्त आमच्या घरातलं. सँडलचा पट्टा खरंच तुटला होता आणि त्याला सेफ्टी पिन होती. माझी पिन माझ्या बांगडीतच होती.

"तिनं चेहरा झाकला होता का गं?"

"कुणी? तूच होतीस ना."

मी तिला एक धपाटा घातला आणि मग इतकी घट्ट धरली की ती "दुखतंय" म्हणाली. मिलिंद आला, बाकावर बसला आणि बराच वेळ नुसता हसत राहिला.

कुणी मराठी बाई असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण मिलिंदच्या डोळ्यांसमोरून ती मुलीला घेऊन गेली कशी? आणि 'ठमे' तिला कुणी सांगितलं? उत्तर शोधणं मी आता सोडलंय. जी कोण होती, तिनं त्या दिवशी माझं काम माझ्यापेक्षा नीट केलं.