पुण्याच्या हवेतले बाबांचे पंधरा दिवस

ताई, मी पुण्याला निघालो तेव्हा बाबा स्टँडवर सोडायला आले होते. मला इथे कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागलेली, आणि ते खाणीतली पहिली पाळी संपवून तसेच आलेले, कॉलर काळी. गाडी सुटायच्या आत दोन शब्द बोलावेत, तर आधी खोकला. तो आवरल्यावर म्हणाले, "जेवत जाजो टायमावर." खोकत मीही होतोच. आपल्या कॉलनीत कोण खोकत नव्हतं? सकाळी अंथरुणातूनच ओळखायचो आपण, हा बाबांचा, हा शेजारच्या काकांचा, म्हणजे नळ आले. खोकला हा आजार असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगितलं वारज्याच्या घरमालकीणबाईंनी, तिसऱ्याच दिवशी. "अहो, आपण कुणाला दाखवलंत का? दाखवा. आणि तोवर बेसिनची वेळ बदला, आमचा चहा असतो तेव्हा." दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, "खाणीत असता का?" म्हटलं, नाही, कंप्युटरवर. "मग एवढा कोळसा कुणी भरवला?" मी हसलो. तीन महिन्यांत खोकला पार गेला. औषधाने थोडा, हवेने जास्त. त्यानंतर एसटीडी बूथवरून घरी फोन केला की 'हॅलो'च्या आधी बाबांचा खोकला यायचा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो मला ऐकवेना.

म्हणून त्यांना बोलावून घेतलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, ते नुकतेच रिटायर झालेले. तूच त्यांना ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलंस. आठव्या की नवव्या दिवशी वारज्याचा तो चढ ते भाजीची पिशवी घेऊन न थांबता चढले. दारात उभे राहून म्हणाले, "अबे, मले तर दमच नाही लागला!" इतकं खूश मी त्यांना तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. हे तुला कधी सांगितलं नाही. पुढचंही नाही.

खोलीत आम्ही तिघं मुलं, बाबा चौथे. प्रोजेक्टची रिलीज तोंडावर आलेली. मी घरी फक्त झोपायला जायचो आणि बाबा बोलायला ताटकळलेले असायचे. चौदाव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "जातो बा आता. माही अडचण होते तुले." आणि थांबले. माझ्याकडे बघत थांबले, ताई. मी म्हणालो, "उद्याचं तिकीट मिळतं का बघतो."

मिळालं.

दोन हिवाळे काढले त्यांनी तुमच्याकडे, खाणीच्या त्याच कॉलनीत. मग श्वास पुरेना आणि संपले. तुझा फोन आला तेव्हा मी "बरं" म्हणालो आणि अर्धा राहिलेला ईमेल पूर्ण केला. त्यावरून तू अजून टोमणे मारतेस. मार. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं आणि नंतरही वाटलं नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं. फक्त ते उतरलं नाही.

आणि परवा तू फोनवर तुझ्या लेकीबद्दल म्हणालीस, "पिंकीला जिना चढताना दम लागतो रे, पण होईल सवय." अगं, सवयच तर झाली होती आपल्या सगळ्यांना!

पुण्याची हवाही आता पूर्वीची राहिली नाही, खोटं कशाला बोलू. धायरीला माझ्या फ्लॅटसमोर टेकडी फोडून टॉवर उभे राहतायत. खिडकी उघडली की सिमेंटची धूळ, आणि सिंहगड रोड आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या गाड्यांनी तुंबलेला. तरी तिथल्यापेक्षा बरी. घर वन बीएचके आहे. अडचण होईल, चांगलीच होईल.

तू नेहमी विचारतेस, तुझं घर आता कुठलं, इथलं की तिथलं. मला सांगता येत नाही. बाबा त्या दिवशी जिथे राहिले असते ते माझं घर झालं असतं, एवढंच कळतं.

या वेळी मी तुला विचारत नाहीये. शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडीत बसतो. भाऊजींशी मी बोलेन. तू पिंकीचा शाळेचा दाखला काढून ठेव.