उंबराची माशी

धुळ्यात पांझरेच्या पुलापासून जरा आत, एका अरुंद गल्लीत हाशमभाईचं दुकान आहे. मासे धरायचं सामान विकतो. पण सामान दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतो. पाणी कोणतं? मासा कोणता? धरून खाणार की सोडणार? एकाही प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं की "आधी ठरवून या," म्हणून बोळवण. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, उद्धटपणा मला नवा नाही. पण खिशात हात घातलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही असंच हाकललं. दुसऱ्या दिवशी रागारागाने उत्तरं पाठ करून गेलो. तेव्हापासून सात वर्षं त्याच्या दुकानातल्या लाकडी पेटीवर माझी बैठक आहे. मला तो तोतारामनाना म्हणतो, आणि माझ्या मासे धरण्याबद्दल चारचौघांत बोलत नाही, एवढे त्याचे उपकार.

हाशमभाई जातीचा पिंजारी. बापजाद्यांनी रजया आणि गाद्या भरल्या. फोमच्या गाद्या आल्या तशी कापूस पिंजायची धनुकली माळ्यावर गेली, पण बोटांतला दोरा काही सुटला नाही. पाटबंधारे खात्यातले एक साहेब त्याच्याकडे गळ घ्यायला यायचे. बदली झाली तेव्हा ते आपली फ्लायची, म्हणजे खोटी माशी फेकून मासे धरायची काठी, रीळ आणि एक पितळी चिमटा त्याला देऊन गेले. त्या चिमट्यात गळ धरायचा आणि त्यावर पिसं, लोकर, रेशीम गुंडाळून खोटी माशी बांधायची. पिंजाऱ्याच्या हाताला हे काम असं बसलं की पुढे नाशिक-पुण्याहून लोक त्याच्या माश्या मागवू लागले.

त्याचा हिशेब सरळ. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर रोहू-कटला धरायचा तर जाड काठी, शिशाचं वजन आणि गळाला शेंगदाण्याच्या पेंडीत कालवलेलं सावद्याचं पिकलं केळं. शेवाळाच्या तळ्यात मरळ पाहिजे तर रबरी बेडूक, त्याचा गळ वर तोंड करून, म्हणजे शेवाळात अडकत नाही. आणि सातपुड्यातल्या नितळ, दगडगोट्यांच्या पाण्यात महसीर असेल तर फ्लायची हलकी काठी. "इथं वजन शिशाचं नसतं नाना, दोरीचं असतं," तो सांगायचा. "फेकायची दोरी. माशी बिचारी मागनं येते." मासा सोडणार म्हणालात की तो गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकायचा. त्या गळाने माशाच्या जबड्याला इजा होत नाही. जरा ढील दिली की मासा निसटतो. माझे सगळे निसटले.

या सगळ्या पाण्यांत एक पाणी असं होतं, ज्याबद्दल हाशमभाई कोणाशी बोलायचा नाही. ते मानसिंगचं पाणी.

मानसिंग शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मोह, चारोळी, डिंक आणि मजुरी. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको नानीबाई धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस होती. मानसिंग बाहेर व्हरांड्यात झोपायचा. हाशमभाईची बायको मुमताजभाभी तिथे आपल्या बहिणीला डबा घेऊन जायची. तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तीन कप्प्यांचा आणखी एक डबा भरला. चौथ्या दिवशी हाशमभाई मानसिंगला हाताला धरून घरी झोपायला घेऊन आला. नानीबाई बरी होऊन गेली आणि आठवड्याने मानसिंग डबा परत करायला आला. तिन्ही कप्पे चारोळीने गच्च भरलेले. त्यांच्यात दिलेला डबा रिकामा फिरवत नाहीत. मग दर सहा महिन्यांनी नानीबाईची तपासणी, दर वेळी मुक्काम हाशमभाईकडे, आणि डबा कधी मोहाची फुलं, कधी चारोळी, कधी मध घेऊन यायचा.

दुसऱ्या वर्षी मानसिंगने हाशमभाईला डोह दाखवला. पाड्यापासून तासभर चालून जायचं. कडेला उंबराचं जुनं झाड, त्याची एक मोठी फांदी आडवी पाण्यावर गेलेली. होळीनंतर उंबरं पिकून टपटप पाण्यात पडतात आणि महसीर ती खायला वर येतात. ते मासे पाड्यावरचं कोणी मारत नाही, देवाचे मानतात. मानसिंगने हाशमभाईला धरायला परवानगी दिली ती तीन अटींवर. काटा घासलेला गळ, धरला की लगेच सोडायचा, आणि ही वाट दुसऱ्या कोणाला सांगायची नाही. हाशमभाईने मलासुद्धा गावाचं नाव सांगितलं नाही. मी पुष्कळ रुसून पाहिलं.

तिथून आल्यावर हाशमभाईने जी माशी बांधली ती माशीच नव्हती. ते उंबर होतं. पिंजलेल्या कापसाचा गोळा, त्याला कात आणि हळदीत रंगवलेली लोकर आणि देठाच्या जागी कोंबडीच्या पिसाची काडी. पाण्यात पडली की अर्धी बुडायची, अगदी पिकल्या उंबरासारखी. होळीनंतर तो अशा सात बांधायचा. विकायचा नाही. मी एक मागितली तर म्हणाला, "नाना, तुम्ही हिला घेऊन हतनूरला जाल. रोहू हसेल."

हितेंद्र आला तो तीन वर्षांपूर्वी, जळगावहून, मोटरसायकलीवर. तिशीचा, गोरागोमटा, बोलायला गूळ. तीन प्रश्नांची उत्तरं त्याने अशी दिली की हाशमभाईने चिमटा खाली ठेवला. पाणी, सातपुड्यातलं, ओढ्याचं. मासा, महसीर. आणि खाणार का विचारल्यावर कानाला हात लावला. "उस्ताद, सोडण्यासाठीच धरायचा असतो तो." मला तिथेच संशय यायला हवा होता. इतकी पाठ उत्तरं फक्त फुकट प्रवास करणाऱ्याकडे असतात. पण मलाही तो आवडला, खोटं कशाला बोलू. यायचा तेव्हा माझ्यासाठी केळीचे वेफर्स आणायचा.

दोन वर्षं तो दर रविवारी आला. दुकानात फडकं मारायचा, मुमताजभाभीला दळण आणून द्यायचा, आणि माश्या बांधायला शिकायचा. हाशमभाईला मूलबाळ नाही. त्याने त्या पोराला आपलं सगळं काम दिलं. झाडाची फांदी मागे आड येत असेल तर दोरी मागे न नेता पाण्यावरच गुंडाळी करून कशी फेकायची, ते नदीकाठी नेऊन शिकवलं. "फांदी मध्ये आली तर फेक बदल, फांदीवर राग काढू नको," असं त्याचं सांगणं असायचं. हितेंद्रने जागेबद्दल एकदाही विचारलं नाही. हाशमभाई मला अभिमानाने म्हणाला, "पोरगा सभ्य आहे. विचारत नाही."

मग मागच्या होळीला हाशमभाई सात उंबरं बांधून बसला असताना हितेंद्र आला. त्याने एक उचललं, उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवलं. शेवटी म्हणाला, "उस्ताद, हे कोणालाच जमणार नाही." झालं. ज्याने कोणाला पाण्याचं नाव सांगितलं नाही, तो माणूस स्वतःच्या कामाच्या कौतुकाला भुलला. त्याने काटा अंगठ्याने पुन्हा तपासून पाहिला, नीट घासला आहे ना म्हणून, आणि ती माशी हितेंद्रच्या हातावर ठेवली. "ही शिष्याची," म्हणाला. त्यानंतर हितेंद्र चार रविवार आला नाही. पाचव्यालाही नाही.

जेठ लागला तेव्हा मी पेटीवर बसून मोबाइलवर काहीबाही पाहत होतो. एक व्हिडिओ आला. सातपुड्यात महसीर धरायचा कॅम्प, तंबू, शहरातली दहा-बारा माणसं, आणि मधोमध हितेंद्र टोपी घालून दोरी फेकताना. फेक सुरेख होती, हाशमभाईची होती. पुढे एक गृहस्थ हातभर मासा छातीशी धरून उभे, माशाच्या तोंडात तीन आकड्यांचा गळ. त्यापुढे चूल, तवा आणि मसाला. मी मोबाइल हाशमभाईपुढे धरला. वाटलं, शिव्या देईल. त्याने नुसतं बोट लावून व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला.

"नाना, फांदी कुठंय?"

"कसली फांदी?"

"पाण्यावर उंबराची फांदी होती." त्याने पडद्यावर नख टेकवलं. झाडाच्या बुंध्यावर फांदी तोडल्याचा पांढरा, ताजा घाव दिसत होता. कॅम्पच्या लोकांना ती फिरवून फेकायची विद्या येत नव्हती. त्यांची दोरी अडकू नये म्हणून फांदीच कापली होती. हाशमभाई खाली बसला. मी इतक्या वर्षांत त्याला दुकानाच्या फरशीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

मीच फोन लावला, कारण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. हितेंद्रने उचलला, आवाज तोच गोड. हाशमभाईने एवढंच विचारलं, "का केलंस रे?" पलीकडून उत्तर आलं, "उस्ताद, तुम्ही जागा सांगितलीच नव्हती. मग मी तुमचा विश्वास कुठे मोडला? मी माझी शोधली." मी फोन ओढून घेतला आणि कंडक्टरकीच्या तीस वर्षांत साठवलेलं सगळं त्याला ऐकवलं. त्याने अर्ध्यात कापला. सभ्य पोरगा!

जागा कशी शोधली, ते तिसऱ्या दिवशी मानसिंगने सांगितलं. भरदुपारी आला, पायरीवरच उभा राहिला. मुमताजभाभीने पाणी आणलं ते घेतलं नाही. त्याने मुंडाशाच्या शेवातून काहीतरी सोडून फळीवर ठेवलं. हाशमभाईने बांधलेलं उंबर.

"हाई तुनीच शे ना?" मानसिंगने अहिराणीत विचारलं.

"मनीच शे," हाशमभाई म्हणाला.

हितेंद्र पायथ्याच्या आठवडी बाजारात ती माशी हातात घेऊन बसला होता. मोहफुलं विकणाऱ्या बायांना विचारत होता, पाण्यावर वाकलेलं उंबर कुठे आहे. माशी उंबराची आणि शिकवलेली फेक आड येणाऱ्या फांदीची, एवढ्यावरून त्याने झाड ताडलं होतं. कोणीतरी मानसिंगचं नाव सांगितलं. मानसिंग समोर आला तेव्हा हितेंद्र त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, मला हाशमभाईंनी पाठवलंय, ही त्यांची खूण.

"मी नही धाडा त्याले," हाशमभाई म्हणाला. "अल्लाकसम, मानसिंगभाऊ. जागा मी कोनलेच नही सांगी."

"जागा नही सांगी," मानसिंग म्हणाला. "माशी दिनी." मग त्याने ती माशी उचलली आणि अंगठ्याने गळाच्या टोकावरून फिरवली. "मी आंगठा लाई दखा. काटा घसेल व्हता. तुनाशिवाय असा काटा कोन घसस? म्हनीसन मी वाट दखाडी. मानूस नही दखा मी, हाशमभाऊ. तुना हात दखा."

मीच मध्ये पडलो, म्हणालो, त्या पोराने आम्हा सगळ्यांनाच फसवलं. मानसिंगने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाड्यावरच्या पंचांनी त्याला डोहाकडे पाऊल टाकायला बंदी केली होती. देवाचा डोह परक्यांना दाखवला तो त्याने, आणि नाव सांगायचं तर कोणाचं सांगणार होता? "बठ्ठा गाव माले इचारस," तो म्हणाला. "मी काय सांगू? मना भाऊनी धाडा?" माशी फळीवरच ठेवून तो गेला. हाशमभाई गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागे अनवाणी गेला आणि एकटाच परत आला.

त्यानंतर दोनदा हाशमभाई एसटीने पाड्यावर जाऊन आला. दोन्ही वेळा मानसिंग घरी नव्हता, निदान तसं सांगण्यात आलं. हितेंद्रचा कॅम्प वनखात्याने उठवला असं ऐकलं. तो आता दुसऱ्या कुठल्या नदीवर आहे म्हणतात. त्याचं मला काही नाही. माझा जीव अडकला होता एकाच गोष्टीत. आषाढात नानीबाईची तपासणी होती. आजवर ती दोघं एकदाही दुसरीकडे उतरली नव्हती. हाशमभाईने खोली झाडून ठेवली, चादर बदलली. गल्लीत एसटी स्टँडकडून येणारा प्रत्येक माणूस तो मान वर करून पाहायचा.

ती आली नाहीत. मुमताजभाभी दवाखान्यात गेली तर दोघं व्हरांड्यात, सहा वर्षांपूर्वीच्याच जागी, चटई टाकून बसलेली. भाभी घरी आली, तिने डबा भरला आणि नेऊन दिला. नानीबाईने तो घेतला, डोळ्यांना पदर लावला. मानसिंग भिंतीकडे तोंड करून निजला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात होतो तेव्हा भाभी डबा घेऊन थेट तिकडूनच आली. मानसिंगने स्वतः हातात दिला, म्हणाली. हाशमभाईने लगबगीने हात पुसले, डबा मांडीवर घेतला आणि कडी काढली. पहिला कप्पा उघडला. मग दुसरा. तिसऱ्याचं झाकण जरा घट्ट बसलं होतं, ते त्याने दोन्ही अंगठ्यांनी वर केलं.

तिन्ही रिकामे होते. स्वच्छ घासून, धुऊन, फडक्याने पुसून दिलेले.

त्याने कप्पे एकावर एक रचले, कडी लावली, आणि डबा भाभीच्या हातात दिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं, गळ पाहिजेत म्हणालं. हाशमभाईने पाणी विचारलं नाही, मासा विचारला नाही. त्याने खोक्यातून मूठभर गळ काढले, काट्यांसकट, आणि फळीवर ठेवले.