निळ्या पँटींची रांग

आमचा मामा शिंपी. पँटी शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही आणि फुटबॉलच्या वेडातही नाही. लहानपणीच पाय गेले, तेव्हापासून तो व्हीलचेअरवर. शिलाई मशीनला मोटर बसवल्यामुळे धंद्यात त्याचं काही अडलं नाही. अडलं ते स्टेडियममध्ये.

तिथे व्हीलचेअरवाल्यांसाठी शेवटच्या रांगेमागे एक चौथरा आहे. मॅच झकास दिसते. फक्त गोल व्हायची वेळ आली की पुढची रांग उभी राहते आणि मामासमोर ओळीने पँटी येतात. त्यातल्या निम्म्या त्यानेच शिवलेल्या.

"वकिलाचं वजन वाढलंय," तो मला सांगतो. "मागून सोडावी लागणार."

गोल कोणी मारला ते मी सांगायचं. मी त्याची भाची, खुर्ची ढकलायला आणि बातम्या पुरवायला. इतकी वर्षं स्टेडियममध्ये येऊन या माणसाने एकही गोल पाहिला नव्हता. घरी टीव्हीवर बघ म्हटलं की तोंड फिरवायचा.

स्टेडियमचा मॅनेजरही त्याच पुढच्या रांगेत बसायचा. मामाने त्याला चौथरा उंच करायला सांगितलं.

"अहो, रॅम्प दिला, जागा दिली. आता गोल झाल्यावर लोकांनी उठायचं नाही, असा नियम काढू?" असं म्हणून तो वर हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा मात्र गप्प. मामा गप्प बसला की मला धास्ती वाटते.

फायनलच्या आधी त्या रांगेने एकसारख्या निळ्या पँटी शिवायला टाकल्या, मॅनेजरसकट. मामाने गोड बोलून मापं घेतली. पण मागची शिवण घालायची वेळ आली तेव्हा मशीन बंद करून बसला.

"इथे कच्चे टाके घालू?"

"मामा, नाव जाईल तुझं. गिऱ्हाईक फिरकणार नाही."

"माहितीय. आयुष्यात माझी एक शिवण उसवली नाही. पण एक गोल बघायचाय गं."

आणि त्याने सुई हातात घेतली.

फायनलला पहिला गोल झाला. रांग उसळली आणि टर्र असा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळे तिथल्या तिथे खाली बसले. वकिलाने तर मांडीवरचा कोट हळूच मागे घेतला. मामाला तोही गोल दिसला नाही. तो शिवणीच बघत बसला होता.

दुसऱ्या गोलाला खालच्या सगळ्या रांगा उठल्या, आमच्या पुढची तेवढी खुर्च्यांना चिकटून राहिली. उठलेल्या रांगा चौथऱ्यावरून बऱ्याच खाली होत्या, त्या मामाच्या आड आल्या नाहीत. चेंडू जाळ्यात गेला तो मामाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ओरडला नाही. माझा हात घट्ट धरून रडला. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर फाटकी पँट घेऊन दुकानात आला. आला होता भांडायलाच, पण राहवलं नाही.

"दुसरा गोल कसा झाला हो? माझ्या पुढचे सगळे उभे. काही दिसलंच नाही मला."

मामाने चष्मा पुसला आणि सगळा गोल त्याला चवीचवीने सांगितला. ऐकता ऐकता मॅनेजरचा चेहरा उतरला. तो मामाच्या व्हीलचेअरकडे बघत राहिला.

"फार चिडचिड होते हो," तो म्हणाला.

"होते," मामा म्हणाला आणि पँट हातात घेतली. "चौथरा कधी उंच करताय सांगा. तोवर कच्चेच टाके घालतो."